खोकून दाखवा

दिल्लीत भाड्याचं घर शोधायला निघालं की घरमालक काय काय विचारतात, याची मला तोवर चांगली सवय झाली होती. "सरकारी नौकरी है या प्राइवेट?" "नॉनव्हेज तो नहीं बनाते?" "मेहमान बहुत आते हैं क्या?" नोएडातल्या त्या घरी मात्र मालकीणबाई दार उघडून बाहेर आल्या, चाकांच्या खुर्चीत बसलेल्या माझ्या बाबांसमोर उभ्या राहिल्या आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "खोकून दाखवा."

बाबा केंद्र सरकारातून अवर सचिव म्हणून निवृत्त झालेले. उभ्या नोकरीत त्यांना असा हुकूम कुणी सोडला नव्हता. ते आईकडे बघायला लागले, आई माझ्याकडे.

"अहो खोका. लाजताय काय नव्या नवरीसारखे? जोर लावून."

बाबा खोकले. खोकले कसले, घसा खाकरल्यासारखा बारीक आवाज आला.

"हा खोकला नव्हे," बाई म्हणाल्या. "ही खोकल्याची कार्बन कॉपी. तीसुद्धा तिसरी."

मला असा संताप आला! माझ्या बापाचे हात गेले, पाय गेले, आणि ही कोण कुठली बाई दारात थांबवून त्याची थट्टा करतेय. मी खुर्ची वळवायला हात घातला, तर बाबा हसत होते. पुष्कळ महिन्यांनी हसत होते.

"तळमजला तुम्ही घ्या," बाई म्हणाल्या. "यांना जिना कसा चढवणार? मी वर जाते." आणि खरोखरच पुढच्या आठवड्यात त्यांनी आपला पलंग, आपला येशूचा फोटो आणि तुळशीची कुंडी वरच्या मजल्यावर हलवली. तुळस कशाला, असं आईने पुढे भीतभीत विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "अहो, खोकल्याला काढा लागत नाही?"

नाव त्यांना होतंच. पण भाजीवाल्यापासून सेक्टरच्या चौकीदारापर्यंत सगळे त्यांना मेट्रनबाईच म्हणत, मग आम्हीही तेच म्हणू लागलो. मूळच्या नगरच्या, मराठी ख्रिस्ती. दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात त्या मेट्रन होत्या. लग्न केलं नाही. सोडतीत प्लॉट लागला तेव्हा नोएडात कोल्ह्यांशिवाय कुणी राहत नव्हतं म्हणे. आम्ही गेलो तेव्हा घरामागे अजून सरसोंची शेतं होती आणि समोर काचेच्या कंपन्या उभ्या राहत होत्या. त्यातल्याच एकीत मी नुकती लागले होते. मेट्रनबाई निवृत्त झाल्या होत्या, पण ही बातमी त्यांच्या अंगाला कुणी सांगितली नव्हती. कडक इस्त्रीची पांढरी साडी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि खांद्याखाली पिनेने उलटं टांगलेलं घड्याळ. त्या घड्याळाकडे मान खाली घालून बघायच्या, तेव्हा समोरच्याला आपलं काहीतरी चुकलंय असं वाटायचंच.

बाबांचा आजार नसांचा होता. आधी हातांची ताकद गेली, मग पायांची, आणि आता गळ्याची पाळी आली होती. डोकं मात्र लख्ख. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "याला औषध नाही. हा आजार सावकाश नेतो. पण छातीत इन्फेक्शन झालं तर सावकाश नाही. छाती सांभाळा." छाती सांभाळायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे सांगायला त्यांना वेळ नव्हता, बाहेर रांग होती. त्या वर्षीच्या थंडीत, लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडायच्या आधी, बाबांना न्यूमोनिया झाला. नाकात नळी, घशात नळी, हात पलंगाला बांधलेले. त्यातून ते परत आले, आणि आल्यावर त्यांनी एकच गोष्ट मागितली. तेव्हा त्यांची जीभ जड झाली होती, पण हे वाक्य अगदी स्पष्ट होतं. "परत तिथे नको. जे व्हायचं ते घरी होऊ दे."

आमच्या घराला त्यानंतर दुसरं ध्येय नव्हतं. बाबांना परत नळ्यांत जाऊ द्यायचं नाही.

मेट्रनबाईंनी पहिल्याच संध्याकाळी आईला समोर बसवून उलटतपासणी घेतली.

"ताप यायच्या आधी काय खायला दिलं होतंत?"

"काही विशेष नाही हो. घरी सत्यनारायण होता. शिरा नाही दिला, घशात अडकेल म्हणून. नुसतं तीर्थ दिलं."

"बसून?"

"नाही, पडल्या पडल्याच. शेजारपाजारचे सगळे आले होते. एवढी माया सगळ्यांची! प्रत्येकाने एकेक पळी घातली तोंडात."

मेट्रनबाईंनी डोळे मिटून घेतले. "ठसका लागला?"

"अजिबात नाही. शांतपणे घेतलं त्यांनी."

"तिथेच घात झाला," त्या म्हणाल्या. "ताई, पाणी चोर असतं. घास निदान दार वाजवून जातो. ठसका लागला तर देवाचे आभार मानायचे, चौकीदार जागा आहे म्हणून. ठसका न लागता आत गेलं, ते फुप्फुसात जाऊन बसलं."

शिरा घट्ट म्हणून टाळला आणि पातळ म्हणून तीर्थ दिलं. आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. मेट्रनबाई तिला समजावण्याच्या फंदात पडल्या नाहीत. म्हणाल्या, "रडून झालं की आरारूट आणायला पाठवा कुणाला तरी. आयएनए मार्केटात मिळेल."

त्या दिवसापासून आमच्या घरात पाणी शिजायला लागलं. आरारूट घालून सरसरीत केलेलं पाणी, तसाच चहा, तसंच वरणाचं पाणी. बाबांना चमच्याने भरवायचं ते ताठ बसवून, हनुवटी छातीकडे झुकवून. चमचा लहान. एक घोट गिळला की तोंड रिकामं असताना परत एकदा गिळायचं. मग "आ" म्हणून दाखवायचं. आवाज ओला आला, घुरघुरला, की काहीतरी वाटेत अडकलंय. पुढचा चमचा बंद. जेवण झालं की लगेच आडवं व्हायचं नाही. आणि प्रत्येक खाण्यानंतर मऊ ब्रशने दात, हिरड्या, जीभ साफ. आई म्हणायची, "अहो, दोन चमचे तर खाल्ले, त्याला कशाला दात घासायचे?" मेट्रनबाई म्हणायच्या, "तोंडातली घाणच छातीत उतरते. देवघर पुसता ना रोज? मग हेही पुसा."

सकाळी ऑफिसला जायच्या आधी बाबांची पाठ थापटायचं काम माझ्याकडे. कफ सुटायला हवा. पहिल्या दिवशी मी थापट्या मारायला लागले तर मेट्रनबाई ओरडल्या, "चापटी नको मारूस, तुझा बाप आहे तो! ओंजळ कर हाताची. पोकळ आवाज आला पाहिजे." मग त्या बाबांच्या बरगड्यांखाली दोन्ही तळवे ठेवायच्या. "श्वास घ्या. अजून. त्याच्यावर अजून थोडा. आता खोका!" आणि बाबा खोकत त्याच क्षणी त्या तळवे आत आणि वर दाबायच्या. बाबांचा तो कार्बन कॉपीचा खोकला एकदम असा खणखणीत निघायचा की बाबा स्वतःच दचकायचे. कफ बाहेर आला की मेट्रनबाई वाटीत डोकावून, सोनाराने दागिना पारखावा तशा, तो पारखायच्या. "पांढरा आहे. चला, आज सुट्टी." पिवळा दिसला की त्यांचा चेहरा पडायचा, आणि त्या दिवशी वरच्या मजल्यावर त्यांच्या बुटांच्या येरझारा ऐकू यायच्या.

मला त्यांचा राग यायचा, स्पष्टच सांगते. माणूस आजारी पडला म्हणून काय त्याला यंत्र करायचं? तेव्हा घरोघरी नुकती केबल आली होती. बाबांना क्रिकेटचं वेड. पण घास तोंडात असताना टीव्ही बंद, हा मेट्रनबाईंचा कायदा. शेवटची ओव्हर, बाबांच्या तोंडासमोर पेजेचा चमचा, आणि या बाईंनी येऊन खटकन बटण दाबलं.

"अहो बाई, मॅच!" मी किंचाळले.

"घास तोंडात असताना हसायचं नाही, रडायचं नाही, बोलायचं नाही. भारत जिंकला तरी."

बाबांनी संप केला. तोंड घट्ट मिटून बसले. मेट्रनबाईंनी खुर्ची ओढली आणि चमचा हातात धरून त्याही बसल्या. कुणीच हटेना. पेज थंड झाली, बाहेर फटाके वाजले म्हणजे आपण जिंकलो हे कळलं, तेव्हा कुठे बाबांनी तोंड उघडलं. जड जिभेने म्हणाले, "ऑब्जेक्शन... रेकॉर्डवर घ्या."

"घेतलं," मेट्रनबाई म्हणाल्या. "आता गिळा."

दोघांचं असं चालायचं. बाबा त्यांना "बाई" म्हणत, त्या बाबांना "साहेब". "साहेब, आज आवाज ओला आहे." "बाई, माझी फाइल... तुमच्याकडे पेंडिंग. क्लिअर करू नका." यावर मेट्रनबाई तोंड फिरवून हसायच्या. समोरासमोर हसणं त्यांच्या नियमांत बसत नसावं.

सर्दी झालेल्या माणसाला आमच्या दारातून आत प्रवेश नव्हता. माझ्या ऑफिसातली मंडळी एकदा बाबांना बघायला आली, सोबत नवीनच आलेल्या परदेशी कोलाच्या बाटल्या घेऊन. त्यातला एकजण दारातच शिंकला. मेट्रनबाईंनी त्याला तिथूनच परत पाठवला, "आप बाहर से नमस्ते कीजिए," म्हणून. बाटल्या जप्त. मी तणतणले, "अहो, पाहुणे आहेत! लोक काय म्हणतील?"

"सरकारने दारं उघडली असतील साऱ्या जगाला," त्या शांतपणे म्हणाल्या. "माझी बंद आहेत."

त्या दिवशी मी वर जाऊन त्यांच्याशी कडाकडा भांडले. तुम्हाला माणसं कळत नाहीत, फक्त फुप्फुसं कळतात, असंही म्हणाले. त्या तुळशीला पाणी घालत होत्या. तांब्या खाली ठेवून म्हणाल्या, "माझ्या वॉर्डात एक तरुण मास्तर होता. सगळं अंग लुळं पडलेलं, पण आजार बरा होणारा होता. बोटं हलायला लागली होती त्याची. आम्ही पैजा लावत होतो, कोणत्या दिवशी उभा राहील म्हणून. गावाहून आई आली. 'लेकराचा घसा सुकलाय,' म्हणून तिने झोपलेल्याच्या तोंडात पाणी घातलं. जिंकलेला डाव, पोरी. आईनेच घालवला. आणि ते तिला कळलंसुद्धा नाही. मी सांगितलं नाही."

मी खाली आले आणि कोलाच्या बाटल्या शेजारी देऊन टाकल्या.

मग गणपती आले. बाबांचे हात गेल्यापासून आमच्याकडची पूजा गाझियाबादचे काका करत. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. कारखान्यात इंजिनियर, आवाज मोठा, माया त्याहून मोठी, आणि देवाधर्मात कुणाचं ऐकून घेणार नाहीत. आरती झाली. दिल्लीतली ओळखीची मराठी कुटुंबं जमली होती, मुलं झांजा वाजवून थकली होती. काका सगळ्यांच्या हातावर तीर्थ घालत घालत आरामखुर्चीत रेललेल्या बाबांकडे वळले. "दादा, आ कर. बाप्पाचं तीर्थ आहे."

बाबांनी तोंड उघडलं. भावाला नाही म्हणायचा त्यांचा स्वभाव नव्हता, आणि बाप्पाला तर नाहीच.

"थांबा!"

मेट्रनबाई दारात उभ्या होत्या. आरतीभर त्या तिथेच उभ्या होत्या. दोन ढांगांत त्यांनी खोली ओलांडली आणि काकांचं मनगट धरलं. पळी हिंदकळली, तीर्थ जमिनीवर सांडलं.

काकांचा चेहरा लालभडक झाला. "तीर्थाला हात लावलात? बाई, तुमच्यात नसेल, पण आमच्यात तीर्थाला नाही म्हणत नाहीत."

ते "तुमच्यात" सगळ्यांनी ऐकलं. मेट्रनबाईंनीही ऐकलं. त्यांचा हात काकांच्या मनगटावरून सुटला. पहिल्यांदाच त्या म्हाताऱ्या दिसल्या मला. मी उसळून काही बोलणार, तेवढ्यात आई पुढे झाली. माझी आई, जी देवासमोर शिंकायलाही घाबरते.

"भावजी," ती म्हणाली, "मागच्या खेपेला मीच पाजलं होतं तीर्थ. नळ्यांत जाऊन पडले होते हे. या बाई नसत्या तर आज आरतीला कोण बसलं असतं?"

"म्हणजे वहिनी, दादाने तीर्थाशिवाय राहायचं?" काकांचा आवाज आता रडवेला झाला होता. त्यांना भावासाठी आशीर्वाद हवा होता, दुसरं काय.

"नाही कोण म्हणतंय?" मेट्रनबाई हळूच म्हणाल्या. "फक्त बसवून द्या. आणि ताई, आरारूट."

आईने पातेलीत पाण्यात आरारूट कालवून शिजवलं, निवू दिलं आणि त्यात तीर्थ मिसळलं. कुणीतरी मागून पुटपुटलं, "तीर्थाची पेज?" पण आईने वळून असं पाहिलं की पुढे कुणाचं धाडस झालं नाही. मेट्रनबाईंनी बाबांना ताठ बसवलं, पाठीला उशा लावल्या, आणि चमचा काकांच्या हातात दिला. "तुम्हीच भरवा. लहान घ्या. हनुवटी खाली, साहेब. हं, आता."

बाबांनी गिळलं. परत एकदा गिळलं. सगळी खोली बाबांच्या गळ्याकडे बघत होती.

"आता म्हणून दाखवा," मेट्रनबाई म्हणाल्या.

रोज "आ" म्हणायचं असे. बाबांनी गणपतीकडे पाहिलं, दम घेतला आणि म्हणाले, "मोरया."

आवाज कोरडा, स्वच्छ. मेट्रनबाईंनी मान हलवली. "पास." मग सगळी खोली जी ओरडली "मोरया!" म्हणून, की शेजारचे सरदारजी बघायला आले काय झालं ते. काका भिंतीकडे तोंड करून रडत होते. जाताना त्यांनी मेट्रनबाईंना वाकून नमस्कार केला. त्या मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "हात धुतलेत का आधी?"

पुढे तर काका त्यांचे असे शिष्य झाले की विचारू नका. गाझियाबादहून फोन करायचे, "बाईंना विचार गं, आंब्याचा रस चालेल का? किती घट्ट?" एकदा त्यांनाच सर्दी झाली, तर स्वतःहूनच व्हरांड्यात उभं राहून खिडकीतून भावाशी गप्पा मारल्या. बाबांना त्याचं केवढं हसू आलं! घास तोंडात नव्हता, म्हणून चालून गेलं.

बाबा पुढचे दोन गणपती बघू शकले. समोर आणखी काचेच्या इमारती झाल्या, सरसों मागे हटत गेली, माझी बढती झाली. बाबांचा आवाज गेला, मग मान गेली. "आ" बंद झालं, तेव्हा मेट्रनबाई त्यांच्या गळ्याला कान लावून ऐकायच्या. खाणं चमच्याचमच्यावर आलं. पण न्यूमोनिया परत झाला नाही. एकदाही नाही. नळ्यांची पाळी आली नाही.

ते गेले एका दुपारी, घरी, आपल्या पलंगावर. श्वास घेणारे स्नायूच थकले होते. डॉक्टरांनी तसं आधी सांगितलं होतं. बाबांना विचारलं होतं, तेव्हा त्यांनी डोळ्यांनीच "इथेच" म्हटलं होतं. घुरघुर नाही, ताप नाही. श्वास लहान लहान होत गेला आणि थांबला. मेट्रनबाईंनी घड्याळाकडे मान झुकवली, बाबांच्या छातीला कान लावला आणि बराच वेळ तशाच राहिल्या. "साफ आहे," एवढंच म्हणाल्या.

आईने देव्हाऱ्यातून गंगाजळाचा गडू आणला, तुळशीचं पान वरच्या कुंडीतलं. पळी भरली. आणि ती बाबांच्या ओठांशी नेता नेता तिचा हात थांबला. पळी तशीच हवेत. आईने मेट्रनबाईंकडे पाहिलं. काकांनी पाहिलं, मी पाहिलं. इतक्या दिवसांची सवय. त्यांच्या परवानगीशिवाय या तोंडात थेंब गेला नव्हता.

मेट्रनबाईंचे ओठ थरथरले. इतक्या वर्षांत त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं.

"द्या ताई," त्या म्हणाल्या. "आता पातळ चालेल."

आणि असं म्हणता म्हणता त्यांनी बाबांच्या मानेखाली हात घातला, डोकं उचलून धरलं, आणि हनुवटी हलकेच छातीकडे झुकवली.